नवसातलं अर्धं वजन

"बाबा, अर्धा माणूस नवसाला चालतो का?"

पुंडलिकशेठने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चटईवर बसकण मारली. चटई कुरकुरली.

जमालबाबा दर्ग्याबाहेर उंडीच्या झाडाखाली बसून विड्याच्या पानाच्या शिरा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठला अर्धा? वरचा की खालचा?"

"थट्टा नको बाबा. माझा अर्धा भाग चोरीला गेलाय."

तेव्हा मात्र बाबांनी वर बघितलं. शेठच्या टोपीपासून सुरुवात केली, पोटापाशी त्यांची नजर जरा रेंगाळली, मग ती पायांपर्यंत गेली.

"आणि हा समोर बसलाय तो उरलेला?"

"होय."

"मग चोराने दया केली म्हणायची."

शेठ हसले नाहीत. दर गुरुवारी ते बाबांच्या पायाशी येऊन बसत, पानसुपारी आणत, चार शब्द ऐकून जात. गावात कुणी विचारलं तर आपण बाबांचे पट्टशिष्य आहोत असं सांगत. बाबांना विचारलं तर ते म्हणत, चटई जुनी झाली आहे. पण आज गुरुवार नव्हता, आणि शेठच्या हातात पानसुपारीऐवजी तांदळाची पुरचुंडी होती.

शेठचं दुखणं समजायचं तर थोडं मागे जायला हवं.

गेल्या श्रावणात शेठला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगावर नुसती कातडी. त्या अवस्थेत ते दर्ग्यातल्या पीराला नवस बोलले, बरा झालो तर माझ्या वजनाइतका चुना तुझ्या घुमटाला चढवीन. खाडीच्या तोंडावरचा दर्गा तो, खारा वारा घुमटाची साल काढतो, म्हणून दरसाल उरुसाच्या आधी त्याला चुन्याचा हात द्यावा लागतो. गावातले वाईट बोलणारे म्हणतात की शेठ नवससुद्धा भाव उतरलेला बघून बोलले. कावीळ झालेला माणूस भरून भरून किती भरणार?

पण पीरही काही कच्च्या गुरूचा चेला नसावा. शेठ बरे झाले ते थोरल्या बहिणीच्या हातचं खाऊन. शेठला बायको नाही, ती बिचारी लवकर गेली. दुपार-संध्याकाळचं जेवण अक्काकडे. अक्काने भावाला आधी पेजेवर ठेवलं, मग मुगाच्या कढणावर, आणि मग जे तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिखलं, सोलकढी सुरू झालं ते थांबलंच नाही. उरूस जवळ आला तेव्हा शेठ पहिल्यापेक्षा सव्वापट झालेले. नवस मात्र बोलून गेलेला.

शेठचं दुकान किराणा मालाचं, आणि सगळा अभिमान तराजूचा. मोठ्या दांडीचा, साखळ्यांचा तराजू. त्यात गोणी चढते तशी माणूसही चढतो. उधारी, भाव, मालाचा कस यांवरून त्यांच्याशी लोक भांडत, वजनावरून आजवर कुणी भांडलं नव्हतं. तर शेठ स्वतः एका पारड्यात बसले, दुसऱ्यात शिंपल्यांची पोती घातली, दांडी सरळ झाली आणि त्या शिंपल्या अक्काच्या नवऱ्याकडे, शिवरामभावोजींकडे रवाना झाल्या. खाडीच्या उतारावर त्यांची चुन्याची भट्टी आहे. कोळशाचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा कोळशाचा, असं भरून ते शिंपल्या भाजतात आणि चुना करतात.

शेठचा विचार सरळ होता. माझ्या वजनाच्या शिंपल्या आत, माझ्या वजनाचा चुना बाहेर.

भावोजी पोती उतरवून घेताना पुटपुटले होते, "घटतं हो."

"घटीचं मला सांगताय?" शेठ म्हणाले होते.

आणि ते खरंच होतं. मिरची किती घटते, खोबरं किती घटतं, ओल्या सुपारीची वाळून काय गत होते, हे शेठला झोपेतून उठवून विचारावं. पण ते सगळं पाणी. शिंपलीत कसलं आलंय पाणी? त्यांनी दुकानाच्या कौलांवर मूठभर शिंपल्या वाळत टाकून बघितल्या होत्या, उन्हाने त्यांचं गुंजभरही कमी झालं नव्हतं.

भट्टी उतरली. चुन्याच्या पांढऱ्या कळ्या पोत्यांत भरून आल्या. शेठने ढोलवाला बोलावला, चार माणसं जमली, आणि खात्री पटवायला म्हणून ते पुन्हा पारड्यात बसले.

धप.

शेठ जमिनीला टेकले. चुन्याची पोती वर हवेत हेलकावे खाऊ लागली. ढोलवाल्याला काही कळेना, तो वाजवतच राहिला.

शेठने टोपी काढून ठेवली. चपला काढल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. दांडी हलली नाही. शेवटी पोत्यांच्या बाजूला वजनं टाकत गेले तेव्हा कळलं की चुना त्यांच्या अर्ध्याहून थोडाच वर भरतोय.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शेठ, हा नवस कावीळ असतानाचा दिसतोय."

आजवर त्या तराजूसमोर कुणी हसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते भावोजींकडे गेले.

"बाकीचा कुठाय?"

"घटला."

"घटला म्हणजे गेला कुठे?"

भावोजी मुळात कमी बोलणारे. त्यांनी विचार केला. "गेला," ते म्हणाले.

यावर शेठने जे केलं ते करायला नको होतं. ते माळ्यावर चढले. पाटाखाली बघितलं, लाकडांमागे बघितलं. मागल्या पडवीत अक्काची तांदळाची कणगी आहे, तिच्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपत असताना अक्का आली. काय शोधतोस, तिने विचारलं. आणि शेठच्या तोंडून तो शब्द गेला. भावोजींसमोर, शेजारणीसमोर.

चोर.

अक्का रडली नाही, ओरडली नाही. तिने कणगीवरचं झाकण नीट बसवलं.

"हे चोर असतील तर माझ्या घरचा घास चोरीचा. तू नको खाऊस."

तेव्हापासून शेठ हाताने शिजवून खात होते. भात खालून कोळसा आणि वरून पेज. आमटीबद्दल न बोललेलं बरं. पण खरं सांगायचं तर ते पोटाचं दुखणं नव्हतं. भावोजींनी भट्टी विझवायचं ठरवलं होतं. चोर म्हणवून घेऊन या गावात चुना विकणार नाही, मालवणला भावाकडे जाऊ, म्हणाले. ट्रंक बांधून दारात येऊन बसली होती. अक्का गेली की शेठला गावात आपलं म्हणायला तराजू तेवढा उरणार होता.

आणि तरीही, अर्धा चुना गेला कुठे, याचं उत्तर मिळत नव्हतं. शेठचं डोकं त्या एका खिळ्याला अडकून फाटत होतं. चोरी नाही म्हणावं तर वजन खोटं. वजन खरं म्हणावं तर बहीण जाते.

"म्हणून तांदूळ आणलेत," शेठने पुरचुंडी बाबांपुढे ठेवली. "दोघांना बोलावलंय. पीरासमोर चघळू देत. ज्याच्या तोंडात कोरडे राहतील तो चोर. जुनी रीत आहे."

बाबांनी पानाला चुना लावला, काथ लावला, घडी घातली.

"शिवराम दिवसभर भट्टीपुढे असतो. त्याचं तोंड कोरडंच असणार. तो हरेल."

"हरला तर हरला."

"आणि अक्का?"

शेठ पुरचुंडीची गाठ चाचपत राहिले.

…

भावोजी आणि अक्का आले. भावोजींनी बाबांना हात जोडले, शेठला नाही. अक्का भावाकडे पाठ करून बसली, पण अशा बेताने की त्याचं तोंड उतरलंय का, ते कडेने दिसावं. ते उतरलं होतं.

बाबा उठून आत गेले. दर्ग्याच्या कोपऱ्यात त्यांचं पानाच्या चुन्याचं मडकं असतं. तळाशी चुना बसलेला, वर नितळ पाणी, त्याला निवळी म्हणतात. ती त्यांनी फडक्यातून हळूच पेल्यात ओतली. काचेचा पेला, पाणी असं स्वच्छ की पलीकडची खाडी दिसावी. मग पपईचं एक पान तोडलं आणि त्याचा पोकळ देठ कापून पेल्यात उभा केला.

"तांदळाने चोर कळतो. याने मालच बाहेर येतो. ज्याच्या पोटात याचं अर्धं वजन आहे, त्याने यात फुंकलं की पाणी पांढरं होईल."

"झालं तर मग," शेठ सरसावून बसले. "भावोजी, फुंका."

"आधी तू," बाबा म्हणाले.

"मी कशाला? मी तर फिर्यादी."

"माल तोलण्याआधी रिकामा तराजू उचलून बघतोस की नाही?"

यावर कुठला व्यापारी काय बोलणार? शेठने देठ तोंडात धरला, छाती भरून घेतली आणि ज्या जोमाने लोक शंख फुंकतात त्या जोमाने फुंकलं. बुडबुडे उसळले. शेठ डोळ्यांच्या कोपऱ्यातून भावोजींकडे बघत होते. भावोजी पेल्याकडे बघत होते. अक्काही आता पाठ फिरवून बसायची विसरली होती.

पाणी धुरकटलं. मग गढूळलं. मग त्याचं सरळ ताक झालं.

…

"पुंडल्या," अक्का म्हणाली, "सापडला रे चोर."

शेठच्या तोंडातला देठ तसाच राहिला. ते म्हणाले की तोंडात सकाळच्या पानाचा चुना राहिला असणार. रांजणावर जाऊन खळखळून चुळा भरल्या. दुसरी निवळी, दुसरा देठ. फुंकलं. ताक.

मग त्यांनी भावोजींना फुंकायला लावलं. ताक. शेठचा चेहरा उजळला, बघा म्हणाले, बघितलंत ना. पण तेवढ्यात अक्काने पेला ओढून घेतला, आणि तिचंही ताक झालं. शेवटी बाबांनी स्वतः फुंकलं. चौथा पेला चटईवर पांढरा होऊन उभा राहिला.

"सगळ्यांनीच खाल्लं म्हणायचं," बाबा म्हणाले.

"मला पंगत घातल्याचं आठवत नाही," शेठ पडल्या आवाजात म्हणाले. पण माणूस हुशार. त्यांनी पेला उचलून उजेडात धरला, वास घेतला, पुन्हा खाली ठेवला. "बाबा, ही थुंकी आहे. थुंकीने पाणी गढूळ होतं. यात माझ्या वजनाचं काय?"

"बरोबर विचारलंस. मग थुंकी नसलेलं तोंड शोधू."

बाबा उठले. मडकंच काखेत घेतलं आणि उतारावरून खाली निघाले. बाकीचे तिघं मागून. भावोजींची ती शेवटची भट्टी, विझवायच्या आधी लावलेली. आतला धूर संपून गेला होता, वरच्या भोकातून नुसती झळ थरथरत होती. तिच्यातून पलीकडची होडीसुद्धा वाकडी दिसत होती.

बाबांनी परात मागितली. तिच्यात निवळी ओतली. भावोजींनी ती लांब दांड्याला टांगून भट्टीच्या भोकाशेजारी धरली, आणि आल्यापासून पहिल्यांदाच आपणहून बोलले, "तोंड पुढे नेऊ नका शेठ. तो वारा घ्यायचा नसतो. घेरी येते."

"तिथे वारा कुठाय? नुसती ऊब आहे."

भावोजी एक पाऊल मागे सरकले. दांडा धरून उभे राहिले. कोळशाने काळे झालेले हात, आणि पापण्या चुन्याने पांढऱ्या. शेठचं लक्ष पापण्यांवर गेलं आणि त्यांनी ते लगेच काढून घेतलं.

थोड्या वेळाने परात खाली आली. पाण्यावर साय धरली होती. दुधावर धरते तशी, पण पातळ आणि खडबडीत, बोट लावलं की तुटणारी. तळाशीही पांढरा गाळ.

"ही भट्टी थुंकली का रे?" अक्काने विचारलं.

शेठ उकिडवे बसले. आता त्यांच्यातला फिर्यादी बाजूला झाला आणि व्यापारी जागा झाला. चुन्याच्या डब्या ते दुकानात विकत आलेले, चुना त्यांना जिभेवरून कळतो. त्यांनी ती साय चिमटीत घेतली, चोळली, जिभेच्या टोकाला लावली आणि थांबले. जीभ भाजली नाही. चव म्हणून नाही. बाबांकडून पान आणि काथ मागून घेतला, चुन्याऐवजी हाच गाळ लावला, आणि विडा चावत राहिले. चांगला चावला. मग तळहातावर थुंकून बघितलं.

लाल नाही. मातकट.

"हा चुना नाही," शेठ हळूच म्हणाले. "हे… हे शिंपली कुटून केलेल्या पिठासारखं आहे. न भाजलेल्या."

त्यांनी परातीकडे पुन्हा बघितलं.

"म्हणजे चुन्याच्या पाण्याची परत शिंपली झाली? कशाने? वर तर नुसता…" त्यांनी भट्टीच्या भोकाकडे बघितलं. झळ थरथरत होती. "बाबा, भाजताना शिंपलीतून वारा निघतो?"

"मला काय विचारतोस? तोललंस तू."

"पण वाऱ्याला वजन असतं?"

"तुझं अर्धं किती भरलं होतं?"

शेठ मटकन भट्टीच्या कडेच्या दगडावर बसले. दगड गरम होता, तरी बसले. बराच वेळ ओठ हलत होते, आवाज नव्हता. भावोजींनी दिलेला चुना एका बाजूला, वर गेलेला वारा दुसऱ्या बाजूला, आणि दांडी सरळ… हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं, कारण त्यांचा चेहरा हिशेब लागलेल्या माणसासारखा सैल झाला.

"म्हणजे चोरी नाही. वजनही खोटं नाही. मी… जवळजवळ अर्धा वाराच होतो."

"ते मला लहानपणापासून ठाऊक आहे," अक्का म्हणाली.

भावोजी खोकले. हसू लपवायला माणूस खोकतो तसे.

पण शेठचं डोकं एकदा चालू लागलं की मध्येच थांबत नाही. त्यांच्या लक्षात आलं की चोर नाही हे ठीक, नवस मात्र तसाच लटकलेला. घुमटावर चढणार तो अर्धाच. वाऱ्याला गेलेलं आता कुठून गोळा करून आणायचं? पोत्यात भरता येत नाही, पारड्यात राहत नाही. पीर काय म्हणेल? त्यांनी हे सगळं बाबांना सांगितलं, आणि वरून असंही सुचवलं की उरलेल्याच्या जागी तेवढीच साखर चालेल का, घुमटाला नाही, उरुसाच्या प्रसादाला.

बाबांनी मडकं काखेत घेतलं. ते पुन्हा वर चढले, दर्ग्याला वळसा घालून मागे गेले आणि घुमटावरून गळून पडलेली एक खपली उचलून शेठच्या तळहातावर ठेवली. बोटभर लांब, अंगठ्याच्या नखाएवढी जाड.

"ही काय आहे?"

शेठने चोळली. चोळून पीठ होत नव्हतं. दाताखाली धरली. कडक. जीभ लावली.

"शिंपलीच," ते म्हणाले. "नाही… थांबा. ही घुमटावरची? ही तर चुना म्हणून चढली होती."

"चुना म्हणूनच चढली होती."

शेठने मान मागे टाकून घुमटाकडे बघितलं. खाडीवरून वारा येत होता, घुमटाला लागून पुढे जात होता. त्यांनी खपलीकडे बघितलं, मग घुमटाकडे, मग पुन्हा खपलीकडे.

"हा वारा पितो," ते म्हणाले. "सालभर बसून पितो. म्हणजे माझा चुना वर चढला की… जेवढं भट्टीतून उडालं तेवढं हळूहळू परत… म्हणजे बाबा, माझं वजन पुरं भरेल?"

"आत जेवढं तेवढं बाहेर, हे तू पहिल्याच दिवशी धरून चालला होतास. चुकला नव्हतास. पारडं तेवढं लहान होतं."

शेठने खपली खिशात घातली. मग आठवण झाल्यासारखी बाहेर काढली आणि जिथून उचलली होती तिथे नेऊन ठेवली. पीराच्या मालाला हात लावायचा नाही, एवढी शिस्त त्यांच्यात होती.

…

आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते कुणी, हे चौघांनाही ठाऊक होतं.

भावोजी खाडीकडे बघत उभे होते. अक्का पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. शेठने टोपी काढली, झटकली, घातली. आयुष्यभर गिऱ्हाइकांची समजूत घातलेला माणूस, पण इथे गिऱ्हाईक नव्हतं.

"भावोजी," ते म्हणाले, "मी त्या दिवशी जे बोललो… ते हवेत गेलं असं समजा."

भावोजींनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

शेठ अक्काकडे वळले. अक्काने गाठ सोडली नाही.

"ट्रंक मी आत ठेवीन," ती म्हणाली. "यांना विचारून ठेवीन. उद्या हे घुमटावर चढणार आहेत. घुमट पांढरा करणाऱ्यांचं जेवण आमच्याकडे असतं, दरसालची रीत आहे. त्यांचंच असतं. खाली उभं राहून चुना मोजणाऱ्यांचं नसतं."

शेठला समजलं. व्यापारी माणसाला भाव दोनदा सांगावा लागत नाही. त्यांनी शिडीकडे बघितलं. बांबूची शिडी, वरच्या दोन पायऱ्या सुतळीने बांधलेल्या. शिडीवरून नजर घुमटावर गेली, घुमट भलताच गोल होता, धरायला कुठे काही नव्हतं. मग ती नजर हळूहळू उतरत स्वतःच्या पोटावर येऊन थांबली. चुन्याने हाताची कातडी सोलवटते हे त्यांना ठाऊक होतं. उन्हात घुमट डोळे फोडतो हेही. आणि खाली सगळा गाव बघायला उभा राहणार, ढोलवाल्यासकट.

तरी एकदा घासाघीस करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. बाबांच्या जवळ सरकून ते हळू आवाजात म्हणाले,

"बाबा, भावोजींसमोर म्हणालो ना, हवेत गेलं म्हणून. तेवढ्यावर नाही का भागायचं?"

बाबांनी वाळत घातलेला चुन्याचा कुंचा भिंतीवरून काढला, आपटून त्यातली धूळ झाडली आणि शेठच्या हातात दिला.

"हवेत गेलेलं उतरवून घ्यायला भिंत लागते, शेठ. चढ."